झाकलेली ताटं आणि रिकामे प्रोसेसर

रेणूंची गणितं करणारा एक जुना प्रोग्राम हजारो प्रोसेसरच्या महासंगणकावर चालवून दाखवायचा, हे माझं काम. महासंगणक बेंगळुरूला, मी गावी नौबादला वडिलांजवळ, अप्पांजवळ. आई, आमची अव्वा, गेल्यावर त्यांना एकटं ठेवायचं नाही म्हणून घरून काम करायची परवानगी मी भांडून मिळवली होती. साहेबांनी अट घातली, चाचणीत प्रोग्राम वेगानं चालला नाही तर बेंगळुरूला परत यायचं.

आणि तो चालेना. प्रोसेसर वाढवले की उलट जास्तच रेंगाळायचा. मी नेटवर्कला दोष दिला, मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. अप्पांना सोडून जावं लागणार ही भीती सतत असायची.

एका दुपारी वैतागून जेवायला उठले. दोन ताटं झाकलेली, अप्पा शेजारी बसलेले.

"तुम्ही कामून थांबायलाव? भूक लागली की जेवायचं."

"सगळे बसल्याबिगर घास उचलायचा न्हाई. आपल्या घरात असंच हाय."

सगळे म्हणजे आम्ही दोघंच. मला हसू आलं आणि भाकरी मोडता मोडता हात थांबला. याच घरात वाढलेली मी. महासंगणकासाठी प्रोग्राम बदलताना त्यातही मीच ही रीत घालून ठेवली होती. रेणूचे तुकडे प्रोसेसरना वाटून दिलेले, काही मोठे, काही लहान. ज्याचं काम उरकलं त्यानं बाकीच्यांचं होईस्तोवर बसून राहायचं. मला ती शिस्त वाटत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा.

मग ते थांबणं काढलं. जो मोकळा होईल त्यानं पुढचा तुकडा उचलायचा. चाचणी पार पडली. साहेब म्हणाले, राहा तिथंच. मी खोलीचं दार लावून थोडं रडले.

अप्पांना सगळं समजावून सांगितलं आणि म्हटलं, "उद्यापासून तुम्हीही थांबू नका." ते "व्हय" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मीटिंग लांबली. बाहेर आले तर ताटं झाकलेली, अप्पा शेजारी.

"थांबू नका म्हटलं होतं की."

"मशीनला घाई असंल. मला न्हाई. तू येईस्तोवर लई दिवस एकट्यानं जेवलो, बस आता."

भाकरी गार झाली होती. आता जेवायच्या वेळी मीटिंग चालू असली तरी मी उठते.