अझ्टेकांचं राज्य माझ्याकडे

बायको गेल्यावर मुलाने मला जर्मनीत हॅनोव्हरला आणलं. रविवारी त्याच्या ऑफिसातले दोन मराठी मित्र येतात आणि टेबलभर नकाशा पसरून लढाई खेळतात. त्या खेळात मेक्सिकोतलं अझ्टेकांचं राज्य बुडालेलंच नाही, अजून उभं आहे, आणि त्याच्यासाठी इंग्लंड-स्पेन भांडतात; ज्याच्या हाती त्याची शहरं जास्त, तो जिंकला. अझ्टेक कोणालाच नको असतात, मार त्यांनीच खायचा असतो. म्हणून ते मला दिले. मी चौथी शिकलेला, जन्मभर गवंडीकाम केलं. मार खायला शिकवावं लागत नाही.

परवा मुलाने, म्हणजे इंग्लंडने, पत्ता टाकला. "बाबा, देवीची साथ आली. अर्धी माणसं उचला."

मी लाकडी माणसं उचलली. म्हटलं, "उरलेल्यांची तोंडं तुझ्या आईसारखी झाली असतील."

"काकूंना देवी आल्या होत्या?" स्पेनवाल्याने भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. "गाल तर एकदम साफ आहेत."

मीही बघितलं. इतके दिवस मला वाटायचं, माझीच नजर अधू झाली.

"वण कुठे गेले रे?"

"काढले कॉम्प्युटरवर. घरी लोक येतात, बाबा."

"आधीचा फोटो दे."

"तो जुन्या फोनमध्ये होता. फोन विकला."

ती फोटोला उभीच राहायची नाही. लग्नातसुद्धा माझ्या आईने तिला पदर पुढे ओढायला लावला होता. आधार कार्डावर नुसता काळा डाग आहे. सरळ तोंडाचा तेवढा एकच फोटो होता.

"एवढं काय त्यात," मुलगा म्हणाला. "कुठे कुठे होते सांगा, परत टाकून देतो."

मी सांगायला लागलो. कपाळावर दाट. नाकाच्या शेंड्यावर एक खोल, त्यात घाम साचायचा. उजव्या गालावर कानापर्यंत. डाव्या गालाचं मात्र काही केल्या आठवेना. तिघं माझ्या तोंडाकडे बघत बसले.

"गेनाऊ, अगदी तेच. तुम्हालाच आठवत नाही," मुलगा म्हणाला. "चला, तुमची पाळी."

उरलेली सगळी शहरं मी स्पेनवाल्याला देऊन टाकली. इंग्लंड तिथल्या तिथे हरलं.

"असं कोण खेळतं? यात तुम्हीपण मेलात, बाबा."

"मेलो तर मेलो," म्हटलं. "तुझंही गेलं ना?"