वाणात दिलेला चिमटा

इंग्लंडात, लेस्टरला मला जी पहिली धड नोकरी मिळाली, ती टाचण्या काढायची होती. कामाचं नाव मोठं होतं, ‘डॉक्युमेंट प्रेप’. करायचं एवढंच, की जुन्या कागदांच्या गठ्ठ्यातल्या गंजलेल्या टाचण्या काढायच्या, मुडपलेले कोपरे सरळ करायचे आणि कागद पलीकडच्या स्कॅनरवाल्या बाईकडे सरकवायचे. शहराबाहेरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक पत्र्याची शेड होती, खिडकी नाही, हीटर एक. पण मला ते ऑफिस स्वर्गासारखं वाटायचं. आठवीत शाळा सुटलेल्या बाईला कुणी कागद हातात देतंय, हेच खूप होतं. सुपरवायझर मागून गेली की मला वाटायचं, आज सांगणार, उद्यापासून येऊ नकोस.

ते कागद पेटंटचे अर्ज होते, शंभर वर्षांपूर्वीचे. पेटंट म्हणजे ही वस्तू मी शोधली, ती माझी, दुसऱ्याने तिची नक्कल करून विकायची नाही, असं सरकारकडून लिहून घेणं. हे मला, मी ज्यांच्या घरी राहायचे त्या काकांनी समजावलं. मला वाटायचं असले अर्ज विमानांचे, इंजिनांचे असतील. तसेही होतेच. पण जास्त कशाचे? न गळणारी किटली. चहा पिताना मिशी भिजू नये म्हणून कपाला लावायची पट्टी. बायकांच्या टोपीची लांब पिन बसमध्ये दुसऱ्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून तिच्या टोकाला टोपण. उंदराचे सापळे तर इतके, की मी हसत सुटायचे. प्रत्येक अर्जात माणसाचं नाव, गाव, तो काय करतो ते, आणि मग ‘मी याद्वारे जाहीर करतो’ अशी सुरुवात. खाली चित्र, प्रत्येक भागाला ए, बी, सी. कुणी लोहार, कुणी शिक्षक, कुणी विधवा. विधवा म्हणूनच लिहिलेलं, तोच तिचा धंदा असल्यासारखं.

इंग्रजी मला अडखळत वाचता यायचं. पण चित्रं कळायची, आणि ती मी घरी येऊन काकांना सांगायचे.

काका-काकू माझे कुणी नव्हेत. लग्न करून मी या देशात आले आणि दुसऱ्या वर्षी नवरा घर सोडून गेला. तेव्हा देवळात ओळख झालेल्या काकूंनी मला त्यांच्या वरच्या खोलीत आणलं. “राहा. रडायचं असेल तर दार लावून रड, ह्यांना त्रास होतो,” एवढंच म्हणाल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. काका तीस वर्षं होजियरीच्या कारखान्यात फिटर होते. विणकामाच्या मशीनच्या सुया, स्प्रिंगा, तारा हाच त्यांचा जन्म. तिथे त्यांनी काही सुधारणा सुचवल्या होत्या, त्या फोरमनच्या नावाने नोटीस बोर्डावर लागल्या. काका हे कडवटपणे सांगत नसत. हवामान सांगावं तसं सांगत.

मी आले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांना स्ट्रोक येऊन डावा हात गेला होता. जेवण, दाढी, सगळं उजव्या हाताने जमवलं, पण चहा गाळता येईना. एका हातात सांडशीने पातेलं धरायचं, मग गाळणी कोण धरणार? कपावर नुसती ठेवली तर चहाची धार पडताच ती कलंडायची. सकाळचा चहा लग्न झाल्यापासून काका करत आणि काकूंना अंथरुणात नेऊन देत. तो बंद झाला, ह्याचंच त्यांना जास्त लागलं होतं.

घरामागच्या शेडमध्ये बसून त्यांनी एका हाताने, टेबलाला बसवलेल्या व्हाइसच्या जबड्यात तार धरून, एक चिमटा बनवला. एक टोक पातेल्याच्या काठाला घट्ट बसायचं, दुसरं गाळणीला. पातेलं कितीही जाड-पातळ असो, स्प्रिंग आपोआप धरायची. पातेलं कलंडलं की गाळणीही त्याच्याबरोबर कलंडायची, थेंब बाहेर जायचा नाही. पहिल्यांदा काकांनी त्या चिमट्याने चहा गाळला तेव्हा काकू मुद्दाम अंथरुणातच थांबल्या. काकांनी कप वर नेला. खाली मला बोलणं ऐकू आलं नाही, फक्त काकूंचं नाक ओढणं.

“ह्याचा अर्ज करायचा,” काका मला म्हणाले. “तुझ्या त्या मिशीवाल्यासारखा.”

“विकायचा आहे का काका?”

“छे. मला एक कागद पाहिजे. माझं नाव, खाली फिटर, खाली चित्र. ए, बी, सी. बास. शंभर वर्षांनी कुणीतरी तुझ्यासारखी त्यातली टाचणी काढेल.”

“आता टाचण्या नसतात, स्टेपल असतात.”

“मग स्टेपल काढेल. तू वाद घालू नकोस.”

त्या शरद ऋतूभर त्यांनी चिमटे बनवले. प्रत्येक थोडा वेगळा, कुठला बारीक तारेचा, कुठला रुंद. बिस्किटाच्या डब्यात ठेवत. त्यांची तब्येत उतरत होती, सर्जरीतल्या, म्हणजे इथल्या दवाखान्यातल्या, डॉक्टरीणबाईने पुढचा स्ट्रोक कधीही येऊ शकतो असं काकूंना बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणून घाई होती. लायब्ररीत एक पेटंटचा सल्लागार संध्याकाळी फुकट भेटतो असं कळलं. त्याची वेळ फेब्रुवारीतली मिळाली.

मधे संक्रांत आली. इथे संक्रांत आठवड्यात कुठल्याही वारी असली तरी हळदीकुंकू शनिवारी. काकूंकडे दरवर्षी व्हायचं. पुण्या-मुंबईच्या आयटीतल्या मुली, एक-दोन डॉक्टर, काही इथेच वाढलेल्या सुना. वाण म्हणून सगळीकडे पाउंड शॉपमधल्या प्लॅस्टिकच्या डब्या मिळायच्या, त्याचा काकूंना राग. “घरी नेऊन फेकतात बायका. वाण असं हवं की रोज हाताला लागलं पाहिजे.”

मग त्याच म्हणाल्या, “अहो, चिमटेच देऊ या.”

काकांनी डबा स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, “साहेबाला दाखवायचेत.”

“एक ठेवा की साहेबासाठी. बाकीचे बायका वापरतील, चांगलं म्हणतील. चार लोकांनी चांगलं म्हटलेलं असलं तर साहेबही ऐकेल. नुसतं तुम्ही म्हणून काय उपयोग?”

ते आम्हाला तिघांनाही पटलं. आपल्याकडे कुठेही जायचं तर आधी चार माणसांची साक्ष लागते. रेशनकार्ड असो की लग्न.

हळदीकुंकवाला मी स्वयंपाकघरात राहणार होते. नवऱ्याने टाकलेली बाई, कशाला पुढे जायचं. काकूंनी हाताला धरून बाहेर आणलं आणि सगळ्यांच्या आधी मला कुंकू लावलं. मी ते विसरणार नाही.

चिमट्याने धमाल उडवली. काकूंनी पातेल्यात पाणी घेऊन करून दाखवलं.

“अय्या, काकू, सो क्लेव्हर! हे कुणी केलं?”

“आमच्या ह्यांनी. एका हाताने.”

“काका, खाली या ना! बघू तरी इन्व्हेंटरला!”

काका जिना उतरून आले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. त्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. एकीने सगळ्यांना ओळीत उभं करून, प्रत्येकीच्या हातात चिमटा, मधे काका, असा फोटो काढला. “काका, पेटंट घ्या हं, नाहीतर मीच घेईन!” सगळ्या हसल्या. काका इतके हसलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

फोटो काकूंनी मोठा करून घेतला. लायब्ररीत जाताना तो पर्समध्ये.

सल्लागार म्हातारा होता, सौम्य. त्याने चिमटा हातात घेतला, टेबलाच्या कडेला लावून पाहिला, काढला, पुन्हा लावला. “हे छान आहे,” तो म्हणाला, आणि ते त्याने उगाच म्हटलं नव्हतं. काका खुर्चीत पुढे सरकले. इंग्रजी काका-काकूंना बोलता यायचं, मला फक्त काकांचा कोट धरायला नेलं होतं.

काकूंनी पर्समधून फोटो काढला आणि टेबलावर ठेवला. “सी, ऑल दीज लेडीज हॅव इट. एव्हरीबडी लाइक्स.”

त्याने फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग चष्मा काढला.

“ह्यांना तुम्ही दिलेत? घरी न्यायला?”

“येस, येस. गिफ्ट. अवर कस्टम.”

तो हळू बोलत होता, म्हणून मलाही कळलं. अर्ज करायच्या आधी वस्तू लोकांपुढे आणली की ती नवी राहत नाही. विकली काय, फुकट दिली काय, दाखवली काय, सारखंच. नवी नसेल तर पेटंट नाही. आधी अर्ज, मग बाकी सगळं. माझ्या डोळ्यांपुढे ते जुने कागद आले. कित्येक अर्जांत आधी एक अर्धवट, घाईचा कागद असायचा आणि काही महिन्यांनंतरचा पूर्ण कागद त्याच्या मागे टाचलेला. मी दोन्ही सरळ केले होते. पहिल्याची घाई कसली, असा विचार कधी मनात आला नव्हता.

सल्लागाराने काकांकडे पाहिलं. “त्यांना कुणाला दाखवू नका, गुप्त ठेवा, असं सांगून दिलं होतं का? तसं असेल तर गोष्ट वेगळी.”

काकू मराठीत पुटपुटल्या, “अहो, हो म्हणा. सांगितलं होतं म्हणा. कुणाला कळतंय?”

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. “नो सर,” ते म्हणाले. “वुई टोल्ड देम टू शो एव्हरीबडी.”

परतीच्या बसमध्ये काका खिडकीबाहेर बघत होते. काकू हातातला फोटो उलटा धरून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी फोन करायला सुरुवात केली. वाण परत मागत नाहीत. दिलेलं वाण परत मागणारी बाई मी आमच्या गावात ऐकली नव्हती, इथेही नाही. काकू हॉलमध्ये फोनजवळ स्टुलावर बसून एकेकीला सांगत, “अगं, तो चिमटा परत दे गं. काही कारण आहे.” पलीकडची गोंधळायची. एकीने विचारलं, “काकू, आमचं काही चुकलं का?” एकीने तो सासूबाईंबरोबर नागपूरला पाठवला होता. एकीने ऑफिसमधल्या गोऱ्या मैत्रिणीला दिला होता. तिला तो फार आवडला, असं तिने आनंदाने सांगितलं. काकूंनी हूं म्हटलं आणि फोन ठेवला.

बरेचसे परत आले. दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, दारातून, कुणी आत आलं नाही. काकूंनी ते धुऊन, पुसून बिस्किटाच्या डब्यात भरले आणि डबा काकांपुढे ठेवला.

“बघा. आले. आता जाऊन सांगू, घरातच आहेत म्हणून.”

काकांनी डब्यावर हात ठेवला. आवाज अजिबात चढला नव्हता. “वस्तू परत येते गं. बघितलेलं कसं परत येईल?”

“मी तुमच्यासाठीच केलं ना हो.”

“माहीत आहे मला.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. काकूंनाही तसंच वाटत असावं. त्यानंतर सकाळचा चहा पुन्हा काकू करायला लागल्या. काका उठून खाली येत, टेबलाशी बसत, आणि काकूंनी पातेलं उचललं की म्हणत, “गाळ तूच.” शेडची किल्ली खुंटीला. संध्याकाळी मी एखादं चित्र सांगायला गेले तर ते ऐकत, पण पुढे काय, असं विचारत नसत. मग मीही सांगणं सोडलं.

मार्चच्या शेवटी त्यांना दुसरा स्ट्रोक आला. हॉस्पिटलमध्ये ते बोलू शकत नव्हते. काकू त्यांच्या चांगल्या हाताशी बसून राहायच्या आणि एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणायच्या. काका बोटं हलवायचे. माफ केलं म्हणायचे, की गप्प बस म्हणायचे, ते मला कळलं नाही आणि काकूंना मी कधी विचारलं नाही. एप्रिल लागता लागता ते गेले.

भेटायला त्याच बायका आल्या. सुट्टीच्या दिवशी, हिटिंग लावलेल्या त्याच हॉलमध्ये, बूट दारात काढून. नेमकं बोलायचं काय, कुणालाच सुचत नव्हतं, म्हणून त्या चिमट्याबद्दल बोलल्या. मनापासून बोलल्या, बिचाऱ्या. नागपूरच्या सासूबाई रोज वापरतात म्हणे. त्या गोऱ्या मैत्रिणीने आणखी एक मिळेल का विचारलंय. “काकू, काकांची आठवण रोज निघेल बघा घराघरात.” प्रत्येक वाक्याला काकू मान हलवत होत्या. मला त्या मुलींना थांबवावंसं वाटत होतं. पण मी कोण सांगणार? त्या शिकलेल्या, मी त्या घरात पोसलेली.

काकू उठल्या, आत आल्या. मी चहाचं बघत होते. त्यांनी बिस्किटाचा डबा काढून माझ्या हातात दिला.

“बाहेरच्या बायकांना त्यांचे चिमटे परत दे. कुणाचा कुठला ते बघत बसू नकोस.”

“काकू, तुम्ही द्या ना. तुमच्याच हातून...”

“माझ्या हातून आता वाण घ्यायच्या नाहीत त्या. घेतलं तरी मनात येईल त्यांच्या. तू दे.” दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. “आणि वाण म्हणू नकोस. नुसतं दे.”

मी हॉलमध्ये गेले आणि एकेकीपुढे डबा धरला. हात पुढे आले, चिमटे उचलले गेले, पर्सच्या चेनी उघडल्या आणि बंद झाल्या.