घरमालकांचा रॅम्प

अख्ख्या रायगड जिल्ह्यात चढ-उताराची खरी पारख असलेला माणूस एकच आहे, आणि तो माझा घरमालक आहे, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. लोक देवळात गेले की देव बघतात, हे आधी पायऱ्या बघतात. बँकेच्या दाराशी, दवाखान्याच्या दाराशी, जिथं म्हणून सिमेंटचा उतार दिसेल तिथं आमचे काका थांबणार, खिशातून गवंड्याची ती पाण्याच्या बुडबुड्याची लेव्हल काढणार, उतारावर ठेवणार आणि मान हलवणार. ती मान कधी उभी हललेली मला आठवत नाही. जिते गावात एका लग्नात नवरदेव स्टेजच्या फळीवर पाय ठेवणार तोच काकांनी त्याला हातानं अडवलं. बुडबुडा बघून म्हणाले, "डावीकडनं जा रे. उजवीकडं पाव इंच खाली हाय." हळद लागलेला बिचारा, मुकाट्यानं डावीकडून चढला. काकी तोंडाला पदर लावून मला म्हणाल्या, "आमच्या लग्नात यांच्याकडं ही बाटली नव्हती, म्हणून उभी राहिले मी."

मी हिंगोलीच्याही पलीकडचा. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढं दुसऱ्यांच्या गाड्या चालवता चालवता एक तिसऱ्या हाताची व्हॅन माझी झाली, आणि ओळखीच्या एकानं सांगितलं म्हणून मी पेणला आलो. सकाळी पेणहून कामगार भरायचे, रोह्याला कंपनीत पहिल्या शिफ्टला सोडायचे, सुटले की परत आणायचे. रामवाडीत खोली बघायला गेलो तेव्हा काकांनी माझं नाव, गाव, जात काही विचारलं नाही. सरळ अंगणात उकिडवे बसले आणि व्हॅनच्या पोटाखाली बघू लागले. मी घाबरून उभा. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मी सगळ्यालाच घाबरायचो. बऱ्याच वेळानं उठून म्हणाले, "तेल गळतंय." मी म्हणालो, "होय काका, करून घेतो." तर म्हणाले, "गळतंय म्हंजे आत हाय. ये राहायला." आलो. पण माझी बॅग मी वर्षभर उघडी करून कपडे कपाटात लावले नाहीत. कोण कधी जा म्हणेल सांगता येत नाही, असं मनात धरून खाटेखाली ती तशीच भरलेली ठेवायचो.

काकांच्या घरात भिंतीवर, दिनदर्शिकेच्या शेजारी, खिळ्याला एक चप्पल लटकवलेली आहे. पापडासारखी चपटी. काका रोह्याच्या कंपनीत फिटर होते, तेव्हा एका रविवारी ते अंगणात जीपखाली शिरले आणि जॅक सरकला. पाय वीतभर अंतरानं वाचला, चप्पल वाचली नाही. त्या दिवसापासून नियम: या अंगणात जॅकवरच्या गाडीखाली कुणी शिरायचं नाही. विटांवर तर नाहीच. "विटेवर विठोबा उभा राहतो, गाडी नाय," असं ते पाहुण्यांनाही ऐकवायचे. गाडीखाली जायचं तर रॅम्प पाहिजे. आणि रॅम्प कसा, तर काम झालं की उचलून भिंतीला टेकवता येईल असा, हलका, पण हत्ती उभा राहिला तरी न वाकणारा. असा रॅम्प काका सहा वर्षं शोधत होते आणि तोवर जीप अंगणात चिंचेखाली नुसती उभी होती. निडीला कुणाकडं रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर आहेत कळलं, जाऊन आले, वाळवी निघाली. पनवेलच्या दुकानात पत्र्याचे तयार रॅम्प आले, तेव्हा मलाच घेऊन गेले. दुकानदाराला म्हणाले, उभे राहा यावर. तो राहिला. मग त्याचा नोकर, मग मी, मग स्पार्क प्लग घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक. चौघं एका रॅम्पवर एकमेकांना धरून उभे, आणि काका खाली वाकून बघताहेत. "वाकत नाही हो काका," दुकानदार काकुळतीनं म्हणाला. "तुम्ही चौघं म्हंजे गाडीचं एक चाक पण नाय झालं," असं म्हणून काका बाहेर पडले. रस्त्यात मला समजावलं, "लाकडाला वाळवी, पत्र्याला खारा वारा. आणि तो मोबाईलमध्ये दाखवतात तो प्लास्टिकचा, त्याला लाजच नाय."

हे सगळं मजेचंच होतं, पण मग माझ्या व्हॅनचा सायलेन्सर गेला. पाइप गंजून असा फाटला की मी नागोठणं सोडलं की रोह्यातल्या लोकांना कळायचं. त्यात सोमवारी आरटीओत पासिंग. पासिंग झालं नाही तर कंपनीची फेरी दुसऱ्या गाडीला जाणार, हे मला स्पष्ट सांगून झालेलं. फेरी गेली म्हणजे पेण गेलं. आणि बायकोला पुढच्या महिन्यात आणतो असं मी तिला कळवून बसलेलो. नेहमीचा मेकॅनिक गावच्या जत्रेला गेलेला. पाइप मी आणला होता, बसवताही आला असता. शनिवारी सकाळी काका आंघोळीला गेलेले बघून मी हळूच विटा रचायला घेतल्या. तिसरी वीट ठेवतोय तोच मागून आवाज: "आत ये. चप्पल बघ." मी रडकुंडीला आलो. म्हणालो, "काका, तुम्ही सहा वर्षं रॅम्प बघताय. माझ्याकडं सोमवारपर्यंतच वेळ आहे."

अंग तसंच ओलं, टॉवेल खांद्यावर, काका टेप घेऊन बाहेर आले आणि व्हॅनच्या चाकापासून चाकापर्यंत माप घेतलं. मग स्कूटर काढून कुठंतरी गेले आणि तासाभरानं परत आले ते हसत. खाडीकडं काकींच्या भावाची खारजमीन आहे. तिथं उघाडीपाशी, म्हणजे खाडीचं पाणी अडवायची दारं असतात तिथं, पाण्याचा पाट दोन्ही बाजूंनी दगडी बांधलेला. भात कापून झालेलं, पाट कोरडा ठणठणीत. दोन काठांवर दोन बाजूंची चाकं, मधे माणूस. "चढच नाय रे! देवानं तुझ्याच गाडीसाठी खणलाय." काकी डबा भरता भरता म्हणाल्या, "अवो, आज अवस हाय. दुपारचं उधाण येल." काका निडीकडचे, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातले, समुद्राशी त्यांचा संबंध सुक्या मासळीपुरता. म्हणाले, "अगो, उघाडी बंद हाय. मी बघून आलो." "बंद हाय, पण दारांच्या फळ्या कधीच्या जुन्या?" काकींनी विचारलं. लेव्हल खिशात टाकून काका निघाले होते.

दहाला गाडी काठांवर चढवली. खरं सांगतो, जागा फार छान होती. मी उताणा, वर आभाळासारखी व्हॅन, हाताशी पान्हे. काका काठावर बसून चाकांमागं दगड लावत होते. काकी बांधावर डबा मांडीत घेऊन आमच्याकडं न बघता खाडीकडं बघत होत्या. जुना पाइप सुटला आणि पाठ गार लागली. मला वाटलं, घाम. मग कानात गार लागलं. तेवढ्यात काकी ओरडल्या, "पोरा, बाहेर नीघ! पाट भरतोय!" आणि माझ्या आधी काकाच आत उडी मारून आले. आपल्या पोटऱ्यांएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी माझी बगल धरली आणि मला असं ओढलं की शर्टाची बटणं पाटातच राहिली. बाहेर येऊन बघतो तो काकांची एक चप्पल पाण्यावर तरंगत आरामात चाललीय. काकी शांतपणे म्हणाल्या, "जाऊ नका धरायला. उरलेली खिळ्याला लावा."

मी मात्र तिथंच बसकण मारली. आता काय होणार पासिंग. काकी डब्याचं झाकण काढत म्हणाल्या, "तोंड कशाला पाडतोस? आलं तसं जाईल. आधी जेवा. आपली सावली उघाडीच्या त्या खांबाला टेकली की पाट रिकामा." आम्ही जेवलो. सावली खांबाला टेकली आणि पाट रिकामा झाला, चिखल तेवढा उरला. त्या चिखलात झोपून मी पाइप बसवला. घरी आल्यावर काकींनी गाडीचं पोट गोड्या पाण्यानं दोनदा धुवायला लावलं, तरी सोमवारी तपासणाऱ्या साहेबांनी खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "गाडी चालवता का नांगर?" पण आवाज ठीक होता. पास झाली. फेरी राहिली.

पंधरा दिवसांनी दुपारी रोह्याहून आलो, तर अंगणात गवंडी. फळ्या ठोकून काँक्रीट ओतलेलं, दोन पक्के रॅम्प, जमिनीत रुजवलेले. सहा वर्षं उचलता येणारा रॅम्प शोधणारा माणूस पाइपानं त्यावर पाणी मारत होता. लेव्हल नव्हती हातात. मला कसं कोण जाणे, टेप घ्यावीशी वाटली. दोन रॅम्पमधलं अंतर मोजलं आणि म्हणालो, "काका, चुकलं. यावर तुमची जीप बसणार नाही, ती रुंद आहे. ही तर माझी मापं आहेत."

"जीप कुठं चाललीय," काका म्हणाले.

"आणि मला उद्या खोली सोडावी लागली तर?"

त्यांनी पाइपाचं पाणी माझ्या पायांवर धरलं. "उचलून नेशील काय हे?"

त्या संध्याकाळी मी बॅग उघडली. पुढच्या महिन्यात बायको आली.

आता काकांचे गुडघे वाकत नाहीत. मी गाडीखाली असलो की ते बाहेरून तीनदा विचारतात, "दगड लावलास?" आणि मी तीनदा व्हय म्हणतो. खालून मला त्यांची फक्त पावलं दिसतात. परवा बायकोनं सांगितलं, मी आत असेपर्यंत काका एक हात व्हॅनला लावून उभे असतात, घट्ट. गाडी घसरलीच तर धरायला.