नवरी बसली की गाडी बंद

आणीबाणीच्या आधीची दोन-तीन वर्षं मी वाशीमला भाड्याची मोटार चालवत होतो. मोटार माझीच होती. काळी, विलायती बनावटीची, आणि माझ्याहून फार लहान नसावी. एका वकिलांनी ती वीसेक वर्षं वापरली आणि मग मला दिली. इंजिन चांगलं होतं. त्रास असायचा तो तारांचा. त्यांच्यावरचं कापडी वेष्टण कुजलं होतं आणि लाल, हिरव्या, पांढऱ्या सगळ्या तारा एकाच मातकट रंगाच्या झाल्या होत्या. अकोल्याच्या एका गॅरेजात मी पाच वर्षं वायरिंगचंच काम केलं होतं, म्हणून ती घ्यायची हिंमत केली.

त्या उन्हाळ्यात धनजच्या एका घरचं लग्न लागलं. नवरी अनसिंगची. नवरदेवाच्या वडिलांनी माझी मोटार ठरवली. वऱ्हाडासाठी वेगळा ट्रक होता. दोन्ही घरं आमच्याच समाजातली, बौद्ध. नवरदेवाच्या वडिलांनी दीक्षेच्या वर्षीच घरातले देव काढून टाकले होते आणि गावात त्यांचा शब्द चालायचा.

लग्नासाठी म्हणून चार दिवस आधी मी मागची सीट नव्याने भरून घेतली होती. जाताना काही झालं नाही. पुढे माझ्याशेजारी नवरदेव, मागे त्याची आई आणि मावशी, डाव्या कोपऱ्यात आहेराच्या लुगड्यांचं बोचकं. सकाळी वंदना झाली, लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि बाराच्या सुमारास आम्ही परत निघालो. नवरदेवाचे वडील देणंघेणं चुकतं करायला मागे थांबले. आता बोचकं डिकीत गेलं होतं आणि त्या कोपऱ्यात नवरी होती. पांढरं लुगडं, वय अठरा-एकोणीस. ती सीटच्या कडेला, पाठ न टेकता बसली होती. हे मला आरशात दिसत होतं, पण त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

वाशीम ओलांडून मंगरूळच्या रस्त्याला लागलो. गाडीने दोन-तीन आचके दिले आणि ती बंद पडली. सगळ्यांना उतरवलं, बॉनेट उघडलं. स्पार्क व्यवस्थित होता. हँडल मारलं, गाडी सुरू. पेट्रोलमध्ये कचरा आला असेल असं म्हणालो. मंगरूळच्या अलीकडे पुन्हा तसंच. सगळे उतरले, हँडल मारलं, सुरू. मंगरूळ सोडल्यावर तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा आम्ही उतरून बाभळीच्या विरळ सावलीत जाऊन उभे राहिलो.

मग सासू म्हणाली, "जातानी कुठी अडली काय गाडी? सांगा बरं ड्रायव्हरभाऊ."

"नाई अडली," मी म्हणालो.

"मंग आताच काहून अडून राह्यली?"

मावशी नवरीकडे बघत होती. नवरदेव चपलेने माती उकरत होता. मागून वऱ्हाडाचा ट्रक आला. सासूने हात करून तो थांबवला आणि सुनेला म्हणाली, "तू त्याच्यात बस. पाह्यतो मंग कशी चालत नाई ते."

ती मागे चालत गेली. लुगडं सावरत ट्रकच्या फाळक्यावरून चढली. तिला वर घ्यायला दोन बायांनी हात दिले. माझ्या मोटारीत मावशीने तिच्या जागी पाण्याची कळशी ठेवली. तिथून धनजपर्यंत गाडी एकदाही थांबली नाही.

हे लिहिताना एक गोष्ट लपवत नाही. कारंजा मागे पडलं आणि इंजिन एकसारखं चालत राहिलं, तेव्हा मलाही क्षणभर तसंच वाटलं. मी विजेचं काम शिकलेला माणूस. समाजाच्या सभेत पुढे बसणारा. तरी वाटलं. आणि त्याहून जास्त, बरं वाटलं. गाडी वाटेत राहिली नाही, एवढंच मला हवं होतं.

धनजला गाडी आधी पोचली. मग ट्रक आला. नवरी ट्रकमधून उतरली, ते अख्ख्या गल्लीने पाहिलं. कारण विचारायची गरज कोणाला पडली नाही. मावशी ते सांगतच होती.

दुसऱ्या दिवशी वाशीमला माझ्या घरासमोर मोटार उभी करून मी कामाला लागलो. बिघाड शोधायची माझी रीत साधी होती. एका छोट्या बल्बला दोन तारा जोडलेल्या. एक टोक गाडीच्या लोखंडाला लावायचं, दुसरं जिथे वीज यायला हवी तिथे. बॅटरीपासून निघायचं आणि एकेक जोड तपासत जायचं. बल्ब पेटला म्हणजे तिथपर्यंत सगळं ठीक. किल्लीजवळ पेटला, फ्यूजजवळ पेटला, कॉइलवर पेटला. मागे डिकीत पेट्रोलचा पंप होता. तो विजेवर चालायचा आणि त्याची तार मागच्या सीटखालून जात होती. तिथेही पेटला. दोन तास गेले. गाडीत दोषच नव्हता.

मग वाटलं, पंपच अधूनमधून थकत असेल. इंजिनकडची पेट्रोलची नळी काढून डब्यात सोडली आणि किल्ली फिरवली. पंप टकटक वाजू लागला, डब्यात धार पडू लागली. मी तसाच बॉनेटजवळ उकिडवा बसून ऐकत राहिलो. बायको चहा घेऊन आली. ऊन होतं, म्हणून कप माझ्या हातात देऊन ती मागचं डावं दार उघडून आत बसली आणि दमून मागे रेलली.

टकटक थांबली. धारही थांबली.

मी ओरडलो, "हलू नको!"

ती घाबरून उठलीच. पंप पुन्हा वाजू लागला.

"म्या काई नाई केलं," ती म्हणाली.

"पुन्ना बस. तशीच, टेकून."

ती बसली. पंप बंद. पुढे सरकली, पंप चालू. असं आम्ही पाच-सहा वेळा केलं. मग सीट उचलली. भरणाऱ्याने बसवलेल्या नव्या स्प्रिंगचा पाय डाव्या कोपऱ्यात, मागच्या बाजूला, बरोबर पंपाच्या तारेवर आला होता. वरचं कुजकं कापड तेवढ्या जागी टिकून होतं, पण आतलं तांबं तुटलं होतं. भार नसला की तुटलेली टोकं एकमेकांना टेकत. कोणी मागे रेललं की फाकत. मग कार्बुरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालायची आणि आचके देऊन थांबायची. बोचकं हलकं, कळशी सीटच्या कडेला; त्यांचा भार तिथे पडतच नव्हता. नवरी आखडून बसली होती तोवर गाडी चालली. ती थकून मागे टेकली की थांबली. उतरवल्यावर ती भिऊन पुन्हा कडेला बसायची.

तार जोडायला पाच मिनिटं लागली असती. मी जोडली नाही. सीट होती तशी बसवली आणि तिसऱ्या दिवशी एकटाच धनजला गेलो.

अंगणात मोटार उभी केली, नळी काढून डब्यात सोडली, पंप चालू केला. सासरे बाहेर आले. मी म्हणालो, "मामा, इथी बसा. टेकून बसा."

ते बसले. पंप थांबला. दोनदा उठले, दोनदा बसले, आणि मग घराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "इकडे ये वो! गाडी माह्यावरबी रुसली!"

सासू आली. बसायला तयार नव्हती. सासऱ्यांचा आवाज चढला तेव्हा बसली. पंप तिच्यासाठीही थांबला. शेजारचे दोघे-तिघे हसले. ती उतरली आणि म्हणाली, "तार तुटाचीच होती, थे हिच्याच टायमाले कशी तुटली?"

सीट कधी भरली ते मी सासऱ्यांना सांगितलंच होतं. ते म्हणाले, "लग्नाच्या चार दिवस पह्यले तुटली थे. तवा तुह्या घरात सून नोती." आणि ते इतका वेळ तिच्याकडे बघत राहिले की ती आत निघून गेली.

तेव्हा सून दाराशी आली होती. तिने विचारलं, "मले दाखवता का तार?"

मी सीट काढून दाखवली. तिने वाकून बोटाने ती जागा चाचपली. तिच्यासमोरच मी तार कापली, टोकं पिळून कथलाचा डाग दिला, टेप गुंडाळली आणि तार स्प्रिंगपासून दूर बांधली. सासरे म्हणाले, आता हिला एक चक्कर मारून आणा. नवरदेव पुढे बसला, ती मागे, त्याच कोपऱ्यात. या वेळी पूर्ण टेकून. गावाबाहेर पहिल्या वळणापर्यंत गेलो.

परत फिरताना ती म्हणाली, "भाऊ, ट्रकात बस म्हणलं तवा तुमी काहून नाई बोलले?"

"तवा मलेबी ठाव नोतं," मी म्हणालो.

"ठाव नोतं, एवढं तरी म्हणाचं होतं."

नवरदेव सरळ समोर बघत होता. आजही तिचं म्हणणं मला खोडता येत नाही.

पुढे तिचं ठीक चाललं, असं कारंज्याच्या एका गिऱ्हाइकाकडून अधूनमधून कळायचं. शिकलेली होती. गावात बालवाडी निघाली तेव्हा तिला तिथे काम मिळालं. मावशी मात्र पुढची काही वर्षं तिच्या हातचा चहा घेत नव्हती, म्हणे. मोटार मी दोन उन्हाळ्यांनंतर विकली. घेणाऱ्याला सगळ्या तारा दाखवून दिल्या, कोणती कुठून कुठे जाते ते.