जानेवारीत मिळालेला बेड: सईला घेऊन निपाणी ते बेंगळुरू

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरातच उडी मारली. सईच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती, बेंगळुरूला, जानेवारीत! आमच्या सव्वा वर्षाच्या लेकीच्या टाळूला जन्मापासून भेग आहे. प्यायलेलं दूध नाकातून येतं. पुढे नीट बोलायचं तर टाळू आत्ताच शिवायला हवी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

माझा नवरा विनायक मात्र कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "जानेवारीत? ओमच्या वेळचं विसरलीस?"

विसरेन कशी! थोरला ओम तान्हा असताना आम्ही बेंगळुरूतच, बेळ्ळंदूरला राहायचो. थंडीत त्याला रोटाव्हायरसचे जुलाब लागले. आता सईची तारीख मिळाली त्याच हॉस्पिटलात तेव्हा एकेका बेडवर दोन-दोन बाळं सलाइन लावून निजवली होती. ऑपरेशनसाठी आलेल्या एका मुलीला घरी पाठवून तिचा बेड ओमला मिळाला. तिची आई दारातून वळून वळून बघत होती. यंदा तिच्या जागी मी नको, एवढंच मागणं होतं.

ओमला सासूबाईंकडे ठेवून पहाटे निपाणी सोडली. रस्ता झकास आहे, पण मुलं बरोबर असली तर अख्खा दिवस हाताशी ठेवा आणि फास्टॅग आधी भरा. दावणगेऱ्याचा लोणी डोसा अजिबात चुकवू नका. मी दोन हाणले! सईला घरची पेज, कारण तिचं पोट बिघडलं तर तारीख गेलीच. तिने भोकाड पसरलं.

"तिच्यासमोर खाताना लाज वाटत नाही?" विनायक म्हणाला.

"वाटते की. चटणी सरकव."

दुसऱ्या दिवशी वॉर्डात शिरलो ते सतरंजी, बादली, चादरी असा लग्नाच्या वऱ्हाडासारखा पसारा घेऊन. जमिनीवर झोपायची तयारी होती ना! सिस्टर बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरातल्या. त्या खुदकन हसल्या. "अक्का, हे कशाला आणलं हो? बेड आहे की तुमचा. सगळं गाडीत ठेवून या." खरंच, एका बेडवर एकच मूल, आणि मधून चालायला जागा! मला नाचावंसं वाटलं.

दुपारी बेंगळुरूजवळच्या होसकोट्याची एक आई धावत आली. कडेवर बाळ, जुलाब आणि उलट्या. सईला छातीशी धरून मी बेडच्या मधोमध मांडी ठोकली.

"स्वल्प दम धरा, अक्का," सिस्टर म्हणाल्या, "तुम्हाला कुणी उठवत नाही."

डॉक्टरांनी बाळाचं लसीकरण विचारलं. रोटाव्हायरसचे थेंब पूर्ण झाले होते. चमच्याचमच्याने ओआरएस पाजलं आणि संध्याकाळी ते पोर आईचं मंगळसूत्र ओढत घरी गेलं. सिस्टर म्हणाल्या, "थेंब घेतलेल्यांनाही जुलाब होतात. पण पार सुकून गेलेली बाळं आता फार कमी येतात. पूर्वी थंडीत आम्ही सलाइनमागेच पळायचो, ऑपरेशनं पुढे ढकलायचो. आता तुमच्या सईजवळ बसायला वेळ आहे."

सकाळी सईला आत नेलं. विनायकला एका जागी बसवेना, म्हणून मी त्याला चिकपेटच्या कापडबाजारात पिटाळलं. टाळूला बोटं लागू नयेत म्हणून तिला हात झाकणाऱ्या लांब बाह्यांची मऊ झबली हवी होती. (मेट्रोनेच जा, रिक्षा गर्दीत अडकून पडते.) तो परतला आणि पाठोपाठ डॉक्टर आले. "छान झालं." मी एकाच वेळी हसले आणि रडले. झबली मात्र सगळी दोन वर्षांच्या मापाची निघाली.

आता निपाणीत परतून बरेच दिवस झाले. प्रवासातलं काय राहिलं, असं मैत्रिणी विचारतात. डोशाचं मी चवीने सांगतेच. पण मनात घर करून आहेत ती त्या थंडीत वॉर्डात न आलेली बाळं. कुठेकुठे आयांनी त्यांना वेळेवर नेऊन थेंब पाजले असतील, आणि आमचा बेड आमच्याकडे राहिला. त्यांचे आभार मानायचे तर पत्ता कुठला?

आज सईने पहिल्यांदा वाटीभर दूध एका दमात संपवलं. सासूबाई तिच्या नाकाखाली रुमाल धरून बसल्या होत्या. वाटी रिकामी झाली तरी रुमाल कोरडाच होता.