खोटा हिरवा दिवा

कोणी हौसेने नवा कॅमेरा घेऊन श्रावणभाऊंकडे गेला, की ते कॅमेऱ्याकडे ढुंकूनही पाहत नसत. हात पुढे करून म्हणत, “चार्जर दाखव.” समोरचा हिरमुसायचा. लेन्सचं कौतुक होईल म्हणून आलेला बिचारा पिशवीच्या तळातून चार्जर उपसून काढायचा. भाऊ तो तळहातावर तोलायचे, मागचं बारीक अक्षर चष्मा कपाळावर चढवून वाचायचे, बॅटरीवरचा आकडा आणि चार्जरवरचा आकडा जुळतो का ते बघायचे. मग म्हणायचे, “कॅमेरा काय, कोणताबी फोटो काढते. बॅटरी उपाशी राह्यली तर डोळा फुटला समज.”

मेहकरच्या बसस्टँडजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मी तिथून जवळच्या बीबी गावचा. झेरॉक्सचं दुकान चालवता चालवता लग्नाचे फोटो काढायला लागलो, आणि जे काही शिकलो ते भाऊंच्या दुकानातल्या स्टुलावर बसून. ते मला कधी नावाने हाक मारत नसत. “अबे बीबीकर!” एवढंच. भरलेल्या बॅटऱ्या ते स्टीलच्या डब्यात उताण्या ठेवत, संपलेल्या पालथ्या. चार्जरमधून काढलेली बॅटरी आधी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायची, तापलेल्या लेकराचं अंग बघावं तशी. जास्त गरम लागली की तो चार्जर बाद. नवा चार्जर आणला तर आठ दिवस जुन्या बॅटरीवर चालवून बघायचा, मगच कामाला न्यायचा. मी कंटाळायचो. “भाऊ, दिवा हिरवा झाला ना, म्हणजे भरली!” असं म्हटलं की ते चिडायचे. “दिव्याले काय जाते हिरवं व्हायले?”

त्यांचं एक सांगणं मी शंभरदा ऐकलं असेल. आमच्याकडे रब्बीत दिवसा शेतीच्या पंपांची लाइन आली की विजेचा दाब एकदम पडतो, पंखे रडतखडत फिरतात. “पंपाच्या लाइनीत चार्जर लावू नको. हे सस्ते चार्जर दाब पडला का भरल्यासारखं दाखवते.” मी मान डोलवायचो. डोलवायला काय लागतं!

त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईचं, कमलवहिनींचं, दुखणं फार पुढे गेलं होतं. डॉक्टरांनी भाऊंना काय ते स्पष्ट सांगितलं होतं, आणि भाऊंनी ते फक्त मला सांगितलं. म्हणाले, “म्या त्या दिवशी कॅमेरा हातात घेणार नाई. बाप म्हणून उभा राहीन. फोटो तू काढ. बाकीचे दोन-चार हुकले तरी चालते. पण पाठवणीच्या टायमाले मायलेकी गळ्यात पडतीन ना, तो फोटो मले पाह्यजे. पोरीजवळ तो फोटो राहीन तेवढाच.” त्यांनी आपला चार्जर आणि बॅटऱ्यांचा डबाही पुढे सरकवला. मी तो घेतला नाही. आठवड्यापूर्वीच मी एक नवा चार्जर आणला होता, तासाभरात भरणारा, दोन बॅटऱ्या एकदम. त्याची मला भारी मिजास. “भाऊ, जमाना बदलला आता,” असं म्हणालो मी त्यांना. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

लग्नाच्या आदल्या दुपारी बीबीला चार्जर लावला. पंपाची लाइन चालू होती हे ठाऊक होतं, पण म्हटलं, नव्या चार्जरला काय होतंय! दिवा हिरवा झाला. तीनही बॅटऱ्या भरून पिशवीत टाकल्या.

दुसऱ्या दिवशी बुद्धवंदना झाली, हार घालून झाले, पंगती उठल्या. पहिली बॅटरी लवकर संपली, दुसरी त्याहून लवकर. तिसरी पाठवणीसाठी राखून ठेवली होती, ती आता घातली. सुजाता मंडपाच्या दाराशी आली, वहिनी खुर्चीवरून उठल्या आणि मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही! व्हिडिओवाला पुढे सजवलेल्या गाडीपाशी गेला होता. तेव्हा ज्याच्या त्याच्या हातात कॅमेऱ्याचे मोबाइल नव्हते. भाऊंचा कॅमेरा दुकानात कुलपात. 

भाऊंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. इतकी वर्षं धंदा केलेल्या माणसाला काय सांगावं लागतं? ते माझ्याजवळ आले आणि कानाशी हळूच म्हणाले, “कॅमेरा खाली करू नको. काढत राह्य. तिले कळू देऊ नको.” आणि जाऊन वहिनींच्या मागे उभे राहिले, त्यांचा तोल जाऊ नये म्हणून कोपराला धरून. मी मेलेला कॅमेरा डोळ्याला लावून बटण दाबत राहिलो. फोटो निघत नसला तरी त्या काचेतून दिसतं सगळं. सुजाताचं तोंड आईच्या खांद्यात होतं. वहिनींनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

आठवड्याने भाऊ एसटीने बीबीला आले. मला वाटलं, आता आईमाईचा उद्धार होणार. ते दुकानात बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, “चार्जर दाखव.” त्यात रिकामी बॅटरी घालून आम्ही दोघं समोर बसून राहिलो. पंपाची लाइन आली, पंखा मंदावला, आणि पाचच मिनिटांत दिवा हिरवा झाला. भाऊ म्हणाले, “पाह्यलं?” बस्स. एवढंच बोलले आणि परतीच्या गाडीसाठी उठले. मी ढसाढसा रडलो.

वहिनी त्यानंतर तीन महिने होत्या. मी गेलो की विचारायच्या, “भाऊजी, आमचा मायलेकीचा फोटो आला का?” मी सांगायचो, अल्बम छापायला अकोल्याला गेलाय. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली नाही.

वहिनी गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, तेव्हा सुजाताने सगळ्यांसमोर तो फोटो मागितला. मी तोंड उघडणार तोच भाऊ म्हणाले, “कार्डातून माह्या हातानं पुसल्या गेला.”  ती म्हणाली, “आईचा फोटो? तुमच्या हातून?” तेव्हापासून बापलेकीत काहीतरी तुटलं. मुलांच्या सुट्टीत ती यायची, दोन दिवसांत बुलढाण्याला सासरी परत. फोनवर कामापुरतं बोलणं. मी भाऊंना म्हणालो, मी तिला खरं सांगतो. ते उखडले. “काऊन? तुले धंदा करायचा हाय. फोटोवाल्याचं नाव गेलं का दुकान जाते. बापाचं नाव कोठी जाते? रागावली हाय पोरगी, येईन वापस.” आणि मी गप्प बसलो. खरं सांगू का, मला ते सोयीचं होतं. तेरा वर्षं सोयीचं होतं.

भाऊ गेल्या हिवाळ्यात गेले. साधा ताप म्हणता म्हणता चार दिवसांत गेले. मीच डोळे मिटले त्यांचे.

महिन्याभराने धीर करून मी बुलढाण्याला सुजाताकडे गेलो. पहिल्यापासून सगळं सांगितलं. चार्जर, पंपाची लाइन, अकोल्याची थाप, सगळं.  ती म्हणाली, “तेरा वर्षं मी बाबांशी धड बोलले नाही, काका. हे तुम्ही बाबा असताना सांगायचं होतं.”

 मी खाली मान घालून बसलो. ओरडली असती तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, “माझं तोंड तर आईच्या खांद्यावर होतं. आई कशी दिसत होती तेव्हा?”

मी सांगितलं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. एक हात तुझ्या पाठीवरून फिरत होता, दुसऱ्या हाताने तुझा शालू खांद्यावर नीट करत होत्या. आणि फोटो चांगला यावा म्हणून माझ्याकडे बघून हसत होत्या, ओठ थरथरत होते तरी हसत होत्या. मला जेवढं आठवत होतं तेवढं सगळं मी सांगितलं, आणि मला सगळं आठवत होतं.

सुजाताने पदराने डोळे पुसले. म्हणाली, “बाबा तर तिच्या मागं उभे होते. त्यांना काही तिचं तोंड दिसलं नसंन. तुम्ही बाबांना सांगितलं होतं ना हे कधी?”

तेरा वर्षांत भाऊंनी कधी विचारलं नव्हतं, आणि मलाही कधी सुचलं नव्हतं. मी म्हणालो, “नाही.”