पिवळा दोर

आमच्या घरात सुनेनं भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलायचं नाही असा रिवाज होता. काही सांगायचं असलं तर मी भिंतीला सांगायचे, आणि त्यांना काही विचारायचं असलं तर ते चुलीला विचारायचे. लग्नाला कितीतरी वर्षं झाली, पण त्यांचा एक शब्द थेट माझ्याकडे आला नव्हता. मला या प्रकाराचा मनस्वी राग यायचा. राग गिळायची सवयही तिथंच लागली.

बोंडअळीनं लागोपाठ कपाशी खाल्ली, त्यानंतरचा तो उन्हाळा. आमचं शेत बोरी अरबजवळ. पावसाआधी सरकी लावायची तर विहिरीतलं उरलंसुरलं पाणी वर यायला हवं होतं, आणि मोटारीच्या पाइपाचं तोंड गाळात रुतलं होतं. ते मोकळं करायला माझा नवरा उतरला. अंबाडीचा जुना दोर उंदरांनी कुरतडला होता, म्हणून भासऱ्यांनी दिग्रसहून नवा आणलेला, पिवळाधमक, प्लॅस्टिकचा. दोर ज्यावरून फिरतो त्या गडगडीचं लाकूड मोडलेलं, तेव्हा दोर सरळ दगडी काठावरून खाली सोडला. मला ते तेव्हाच आवडलं नव्हतं, पण भिंत शेतात नव्हती.

काम झालं, खालून हाक आली. भासरे आणि शेजारच्या शेतातले गडी दोराला लागले. ओढायची आमच्याकडे एकच रीत होती. दम धरायचा, ‘हय्या’ म्हणायचं आणि सगळ्यांनी मिळून हिसका द्यायचा. चिखलात रुतलेली बैलबंडी असो की विहिरीतला माणूस. अंबाडीचा दोर ते सोसायचा, आणि सोसवेनासं झालं की आधी कुरकुरायचा. हा पिवळा मुकाट होता. पहिल्या हिसक्याला तो नुसता लांबला, माणूस जेमतेम वीतभर वर आला.

“जोर नाही का रे अंगात? खाऊन नाही आले?” भासरे ओरडले. “हय्या!”

चारसहा हिसक्यांनंतर नवरा निम्म्या विहिरीत लोंबकळत होता. मी काठाशीच होते. दगडावरून दोर जिथं वाकत होता, तिथं त्याचा पिवळा रंग पांढरा पडला होता.

तो पांढरेपणा माझ्या ओळखीचा. खताच्या गोणीतला प्लॅस्टिकचा कागद फाडून मी त्याच्या पट्ट्यांनी भाजीच्या जुड्या बांधायचे. पट्टी सावकाश ओढली की पांढरी होते, बारीक होते, पण लांबत जाते. आतल्या आत सरकायला तिला सवड मिळते. तीच खसकन ओढली की तटकन तुटते. मी बहुतेक चिडलेलीच असायचे, त्यामुळे तुटलेल्या पट्ट्यांचा माझ्याइतका अनुभव गावात कुणाला नसेल. आणि पट्टीला कांदे बांधून टांगून ठेवले, तर कुणी हातही न लावता ती बारीक होत होत सकाळी कांदे जमिनीवर. म्हणजे हिसकाही नको आणि थांबणंही नको. इथं तर वर दगडाची धार होती. खाली माणसाचं वजन, आणि काठावर दोराचे पेड एकमेकांवर घासून आडवे कापले जात होते.

टक्. एक पेड तुटला.

भासऱ्यांनी पुढच्या ‘हय्या’साठी छाती भरली.

“भाऊजी, हिसका नका देऊ! तुटन तो!”

गडी जागच्या जागी थिजले. भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “तिले म्हणा, घरी जाय,” ते गड्यांना म्हणाले.

“नाही जात! माहा माणूस लटकून राह्यला तिथं!” माझा आवाज फाटला. “हळू ओढा. पन थांबू नका, थांबले तरी बारीक होऊन राह्यला तो.” मग विहिरीत वाकून ओरडले, “अहो, खोबणीत पाय टेकवा!”

नवऱ्यानं पाय टेकवला, दोर किंचित सैल पडला. घागरीसाठी डोक्यावर ठेवलेली कापडाची चुंबळ काढून मी दोराखाली, दगडाच्या धारेवर सारली. बोटं चेंगरली ते घरी गेल्यावर कळलं.

मग ‘हय्या’ झालं नाही. भासऱ्यांचे हात हळू झाले. त्यांच्यामागे गडीही न थांबता ओढत होते. पांढरा भाग काठावरून अलीकडे आला, इंचाइंचानं भासऱ्यांकडे सरकला. आता तो सुतळीएवढा उरला होता. भासऱ्यांनी हात लांब करून पांढऱ्याच्या पलीकडे पकड घेतली तेव्हा मी श्वास सोडला.

नवरा काठावर आला, चिखलानं माखलेला, हसत. मी त्याला इतक्या शिव्या दिल्या की गड्यांनी तोंडं फिरवली. भासरे दोर गुंडाळून निघून गेले. संध्याकाळी ते चुलीला म्हणाले, “चार मानसांत आज लाज गेली.” मी भाकरी थापत राहिले. आमच्या घरात पुन्हा भिंत आणि चूल बोलू लागल्या.

पुढच्या उन्हाळ्यात पाइप पुन्हा रुतला. नवरा तापानं फणफणलेला, म्हणून भासरे स्वतः उतरायला निघाले. दोर नवाच होता, तसाच पिवळा. गड्यांनी तो धरला, मी पाण्याची घागर घेऊन लांब बांधावर उभी. कमरेला गाठ मारून ते काठावर बसले, पाय आत सोडले, आणि तिथंच थांबले.

मग मान वळवून त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं.

“चुंबळ आन,” ते म्हणाले. “अन् इथं उभी राह्य. तू म्हनशीन तसंच ओढतीन हे.”

इतक्या वर्षांचं किती साठवून ठेवलं होतं मी, त्यांना तोंडावर सुनवायला. त्यातलं काहीच आठवेना. मी चुंबळ काठावर ठेवली आणि म्हटलं, “उतरा भाऊजी. मी हावो इथं.”